लुइझियानाच्या मतदाराचा हिशेब

राज्यकर्त्याचा लाचखाऊपणा चव्हाट्यावर येतो आणि तरीही मतदार त्याच्याच बाजूनें कौल देतात, तेव्हां सुशिक्षित मंडळी जनतेची नीति ढासळली असें म्हणून मोकळी होतात. श्रोतेहो, अमेरिकेंतील लुइझियाना राज्याचा इतिहास चाळला म्हणजे हा निकाल फार घाईचा वाटूं लागतो.

१९२८ सालीं ह्यूई लाँग तेथें गव्हर्नर झाला. तत्पूर्वीं सत्ता मळेवाल्या जमीनदारांच्या व न्यू ऑर्लिन्सच्या राजकारणी टोळीच्या हातीं होती, आणि सबंध राज्यांत फरसबंद सडका जेमतेम ३०० मैलांच्या घरांत होत्या. लाँगनें सडका बांधल्या, नद्यांवर पूल घातले, शाळकरी मुलांना पुस्तकें फुकट दिलीं. सरकारी नोकरांच्या पगारांतून त्याच्या पक्षासाठीं रक्कम कापली जाई, हेंहि सर्वांस ठाऊक होतें. १९२९ सालीं कनिष्ठ सभागृहानें त्याच्यावर महाभियोग आणला. परंतु १५ सेनेटरांनीं ‘आम्ही दोषी ठरविणार नाहीं’ असें आधींच लिहून दिलें, व तो बारगळला. पुढल्याच वर्षीं लोकांनीं त्याला अमेरिकेच्या सेनेटवर निवडून दिलें! खेड्यांतल्या शेतकऱ्याचा हिशेब सरळ होता: सभ्य गृहस्थांच्या अमदानींत दारीं चिखल होता, याच्या अमदानींत सडक आली.

या हिशेबांत एका मोठ्या वर्गाला मात्र जागाच नव्हती. मतदारयादींत कृष्णवर्णीयांची संख्या १८९६ सालीं १,३०,००० वर होती. १८९८ च्या राज्यघटनेनंतर, १९०० सालीं, ती सुमारें ५,००० उरली. त्यांच्या मौनाला उदासीनता म्हणणें म्हणजे तोंड दाबून वर अबोल ठरविणें होय.

१९३५ सालीं लाँगचा खून झाला. १९३९ सालीं त्याच्याच पक्षाचा गव्हर्नर रिचर्ड लेश याच्या कारभारांतील अफरातफर उघडकीस आली, त्यानें राजीनामा दिला व पुढें तो तुरुंगांत गेला. तेव्हां मतदार चिडले खरे. १९४० सालीं ह्यूईचा भाऊ अर्ल लाँग याला सुधारक सॅम जोन्सनें हरविलें, परंतु थोडक्याच मतांनीं. जोन्सनें वशिल्याऐवजीं गुणवत्तेवर नोकरभरतीची पद्धत घातली. १९४८ सालीं तेच दोघे पुन्हां समोरासमोर आले. अर्लनें वृद्धांना दरमहा ५० डॉलर आणि शाळांत फुकट गरम जेवण देऊं केलें, व सुमारें दोन-तृतीयांश मतें मिळविलीं. गादीवर बसतांच त्यानें जोन्सची भरतीपद्धत मोडली. १९५२ सालीं ती पुन्हां, आणि या वेळीं राज्यघटनेंतच, घालण्यांत आली. १९५६ सालीं अर्ल लाँग पुन्हां निवडून आला.