अर्धा तास तुझ्या भाषेचा, अर्धा माझ्या

ब्राझीलमधल्या साओ पाउलो महानगरातून पश्चिमेकडे निघालं की सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर असीस लागतं. साओ पाउलो राज्य विद्यापीठाचा, म्हणजे उनेस्पचा, एक परिसर या गावात आहे. १९७६ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ एका जागी नाही. राज्यातल्या दोन डझन शहरांत ते विखुरलेलं आहे. त्यामुळे महानगरापासून लांब राहणाऱ्या मुलामुलींना घराजवळ पदवी घेता येते. पण इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, जर्मन शिकणाऱ्यांची एक अडचण त्यानं सुटत नव्हती. पर्यटक किनाऱ्याकडे जातात, परदेशी कंपन्या महानगरात बसतात. असीससारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं भाषा शिकून उद्या तीच भाषा शाळेत शिकवायला उभा राहणारा विद्यार्थी त्या भाषेच्या माणसाशी एकदाही बोललेला नसे, असं सहज घडे. विमानाचं तिकीट हा उपाय फार थोड्यांना परवडणारा.

या अडचणीतून २००६ मध्ये ‘टेलेटांडेम ब्राझील’ उभं राहिलं. असीसचे प्राध्यापक जुआंव तेलेस आणि त्यांच्या सहकारी मारिया लुइझा वासाल्लो यांनी त्याची वैचारिक मांडणी केली, राज्याच्या संशोधन निधी संस्थेनं, फापेस्पनं, आर्थिक पाठबळ दिलं आणि असीसच्या जोडीला साओ जोझे दो रिओ प्रेतो इथला परिसरही कामाला लागला. ‘परक्या भाषा सर्वांसाठी’ असं प्रकल्पाच्या नावातच लिहिलेलं होतं. मला त्यातला ‘सर्वांसाठी’ फार महत्त्वाचा वाटतो. परदेशी माणसाशी बोलायला मिळणं हा तोपर्यंत पैशाचा प्रश्न होता. इथे तो विद्यापीठानं स्वतःच्या अंगावर घेतला.

दोन शिकणाऱ्यांनी जोडीनं बसून एकमेकांना आपापली भाषा शिकवायची, ही यामागची कल्पना मात्र ब्राझीलची नव्हती. तिचं मूळ युद्धानंतरच्या युरोपात आहे. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात एलिझे करार झाला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त संस्था निघाली. तिच्या शिबिरांमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीस एक साधी युक्ती रुजली: एक फ्रेंच, एक जर्मन अशी जोडी बसवायची आणि त्यांनीच एकमेकांना शिकवायचं. १९७९ मध्ये माद्रिदमध्ये युर्गन वोल्फ यांनी स्पॅनिश आणि जर्मन बोलणाऱ्यांच्या अशा जोड्या जमवायला सुरुवात केली. तोवर अट एकच होती, दोघंही एकाच गावात हवेत.

ती अट सुटली जर्मनीतल्या बोखुम शहरात. रूर विद्यापीठातल्या हेल्मुट ब्रामर्ट्स यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात ई-मेलवरून जोड्या लावणारं विद्यापीठांचं आंतरराष्ट्रीय जाळं तयार झालं. इच्छुकानं आपली भाषा आणि शिकायची भाषा कळवायची, बोखुमनं जोडीदार शोधून द्यायचा. नियम थोडेच. पत्र निम्मं आपल्या भाषेत, निम्मं त्याच्या. चुका सगळ्या दुरुस्त करायच्या नाहीत, मोजक्याच दाखवायच्या, कारण लाल शाईनं भरलेलं पत्र मिळालं की माणूस लिहायचा थांबतो. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले आणि जर्मनीतले विद्यार्थी एका मजकुरी आभासी जगात एकाच वेळी हजर राहून टाइप करत गप्पा मारू लागले. क्लाउस श्वीनहोर्स्ट यांनी त्या संवादांचा बारकाईनं अभ्यास केला. लिहिलेलं समोर राहतं, ते परत वाचता येतं आणि बोलण्याच्या ओघात निसटणारी चूक तिथे डोळ्यांना दिसते, हा त्या माध्यमाचा मोठा गुण होता. आवाज मात्र त्यात नव्हता. तो आणि त्याच्यासोबत चेहरा, या दोन गोष्टी ब्राझीलकरांनी वेबकॅमच्या आधारानं जोडल्या.

बैठकीची रीत पहिल्यापासून जवळपास तीच आहे. आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी विद्यार्थी प्रयोगशाळेत येतात आणि हेडफोन लावून आपापल्या पडद्यासमोर बसतात. पलीकडे अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या एखाद्या विद्यापीठात पोर्तुगीज शिकणारे तेवढेच विद्यार्थी बसलेले असतात. तासाभराच्या बैठकीचे दोन भाग पडतात, अर्धा तास इंग्रजी आणि अर्धा तास पोर्तुगीज. दोन भाषांची सरमिसळ करायची नाही. एकाला दिलेला वेळ दुसऱ्यालाही मिळालाच पाहिजे. आणि काय शिकायचं, कशी दुरुस्ती हवी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ही त्रिसूत्री असीसमध्ये भिंतीवर लावण्यापुरती राहिली नाही. घड्याळ अर्ध्यावर आलं की भाषा बदलते, आणि त्या क्षणी भूमिकाही बदलते. आतापर्यंत अडखळणारा आता धीर देणारा होतो. नुकताच स्वतः शब्द शोधत असल्यामुळे समोरच्यानं शब्द शोधताना किती थांबायचं हे त्याला कळतं. कुठलाही पगारी शिक्षक हे देऊ शकेल असं मला वाटत नाही, कारण शिक्षक त्या भाषेत पुन्हा कधी अडखळत नाही.

तरीही पहिल्या वर्षांत जोड्या तुटत. स्वेच्छेनं आलेला विद्यार्थी परीक्षा जवळ आली की गळतो, आणि पलीकडचा रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतो. दोघांपैकी एकानं दांडी मारली की दुसऱ्याचा तासही बुडतो, हीच या पद्धतीची दुखरी जागा आहे. रिओ प्रेतोच्या प्राध्यापकांनी त्यावर उपाय काढला तो संस्थेचा. त्यांनी हे संवाद अभ्यासक्रमातच घेतले. सुरुवातीला परिचयाची बैठक, मग आठवड्यांचं वेळापत्रक, संवादाखेरीज परक्या भाषेत मजकूर लिहून जोडीदाराकडून तपासून घेणं, प्रत्येक बैठकीनंतर रोजनिशी लिहिणं आणि या सगळ्याला गुण. काही जणांना हा गप्पांवर घातलेला लगाम वाटेल. मला उलट वाटतं. ज्याला परदेशी ओळखी आपोआप मिळत नाहीत त्याच्यासाठी शिस्त ही सोय असते. ठरलेली वेळ आणि राखून ठेवलेली खुर्ची असली की लाजरा विद्यार्थीही येतो. या बैठकांची ध्वनिचित्रमुद्रणं, गप्पांचे मजकूर आणि रोजनिशा विद्यार्थ्यांच्या संमतीनं जपल्या गेल्या आणि रिओ प्रेतोत त्यांचा शेकडो तासांचा संग्रह झाला. भाषाशिक्षणाच्या संशोधकांना त्यावर अजून बराच काळ काम करता येईल.

बैठक संपली की आणखी एक बैठक होते आणि माझ्या मते प्रकल्पाचं निम्मं यश तिच्यात आहे. पडदे बंद करून विद्यार्थी प्राध्यापकासोबत गोल करून बसतात. आज काय जमलं, कुठे अडलं, कशाचं वाईट वाटलं, ते बोलून घेतात. कारण नुसतं समोरासमोर आणलं म्हणून माणसं एकमेकांना समजतातच असं नाही. ब्राझील म्हणजे कार्निव्हल, फुटबॉल आणि समुद्रकिनारा अशी समजूत घेऊन पलीकडचा बसलेला असतो; इकडच्यालाही प्रत्येक अमेरिकन सुखवस्तूच वाटतो. असीसच्या मुलीनं समुद्र क्वचित पाहिलेला असू शकतो, आणि पलीकडे पोर्तुगीज शिकणारा मुलगा स्थलांतरित कुटुंबातला, घरी स्पॅनिश बोलणारा असू शकतो. तेलेस यांनी आपल्या पुढच्या लेखनात या ठोकळेबाज प्रतिमांकडे बरंच लक्ष दिलं. त्यावर बोलायला जागा नसेल तर संवाद त्या प्रतिमा पुसण्याऐवजी पक्क्या करतो, हे त्यांनी गंभीरपणे घेतलं.

घड्याळानंही बरीच परीक्षा पाहिली. दक्षिण गोलार्धातलं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होतं, उत्तरेतलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. दोघांच्याही सत्रात बसणारे आठवडे शोधावे लागतात. त्यात अमेरिका नोव्हेंबरमध्ये घड्याळ एक तास मागे घेते आणि साओ पाउलो त्याच सुमाराला ते एक तास पुढे नेत असे. ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कशी एका तासाचा असलेला फरक सत्र संपताना तीन तासांचा होई. ब्राझीलनं २०१९ मध्ये घड्याळ पुढेमागे करणं थांबवलं, तेव्हा संयोजकांचं एक काम कमी झालं. अशी कामं कुठल्याही शोधनिबंधात मुख्य जागा घेत नाहीत, पण एका तासाची चूक झाली की एका खोलीतली सगळी माणसं ताटकळतात.

साधनं तर सारखी बदलत गेली. सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचा मेसेंजर होता, मग स्काइप आलं. २०१३ मध्ये मेसेंजर बंद होऊन स्काइपमध्ये विलीन झाला आणि मे २०२५ मध्ये स्काइपही गेलं. याच काळात बाजारानंही जोडीदार जमवून पाहिले. शिरीष नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये ‘लाइव्हमोका’ सुरू केलं. एकानं लिहिलेला किंवा बोललेला धडा जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या, ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या माणसानं तपासायचा, ही त्याची खूबी. सदस्यसंख्या कोटीच्या वर गेली. २०१३ मध्ये रोझेटा स्टोन कंपनीनं ते विकत घेतलं आणि २०१६ मध्ये ते बंद पडलं. तिथल्या लोकांनी एकमेकांसाठी विनामोबदला केलेलं काम मोलाचं होतं. त्याला आधार मात्र एका कंपनीच्या ताळेबंदाचा होता. उनेस्पनं कार्यक्रम आणि संपर्काचं साधन यांची गाठ कधी पक्की बांधली नाही, म्हणून साधन बदललं तरी कार्यक्रम चालू राहिला.

वाटेत कल्पनाही थोडी बदलली. जोडीदार त्या भाषेत जन्मलेलाच हवा, हा जुना आग्रह तेलेस-वासाल्लोंनी सैल केला. ती भाषा उत्तम बोलणारा कुणीही चालेल असं त्यांनी मानलं. हा बदल लहान दिसतो, पण त्यानं दार खूप मोठं उघडलं. २०१८ मध्ये उनेस्पनं परदेशी विद्यापीठांशी दूरस्थ सहकार्य करणारा ‘ब्रेव्ह’ हा व्यापक कार्यक्रम काढला, तेव्हा टेलेटांडेमची बारा वर्षांची शिदोरी त्याच्या हाताशी होती. २०२० मध्ये प्रयोगशाळांना कुलपं लागली आणि विद्यार्थी घरून बोलू लागले. सगळं जग पडद्यावर शिकायला धडपडत असताना या मंडळींना निदान संवादाची घडी नव्यानं बसवावी लागली नाही. ज्याच्या घरी बरं इंटरनेट आणि शांत खोली नाही, त्याला प्रयोगशाळेची किंमत मात्र त्या दिवसांत कळली असेल.

आपल्याकडे हे सगळं आज सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. प्रायोगिक टप्प्यात दहा हजार तरुणांचं उद्दिष्ट ठरलं आणि त्यासाठी जर्मन शिकवणं आलं. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे जर्मनचे वर्ग जुने आहेत. पण लातूर, जळगाव किंवा गडचिरोलीच्या मुलाची स्थिती असीसच्या मुलीसारखीच आहे. परिचारिकेला रुग्णाचं कण्हणं समजावं लागतं, वीजतंत्र्याला घाईत दिलेली सूचना. ही भाषा कानावर पडल्याशिवाय येत नाही.

मग बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या एखाद्या तरुणानं आपल्याकडच्या मुलाशी का बोलावं, त्याला बदल्यात काय मिळणार, हा खरा प्रश्न आहे आणि तो टाळून ही पद्धत चालत नाही. इंग्रजी हे एक उत्तर. चांगलं इंग्रजी बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण मराठी हेही उत्तर होऊ शकतं. हायडेलबर्ग त्याच राज्यात आहे आणि तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, धनगर आणि महाराष्ट्राच्या लोकधर्माचा अभ्यास रुजवला होता. उद्या तिथल्या रुग्णालयात मराठी परिचारिका रुजू होणार असतील, तर तिथल्या सहकाऱ्यांपैकी काहींना चार मराठी वाक्यं शिकावीशी वाटणं अशक्य नाही. वेळेचं गणितही ब्राझीलपेक्षा सोपं आहे: आपले दुपारचे तीन म्हणजे तिथले उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेदहा. एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयानं संगणकांची खोली आठवड्यातून एक तास राखून ठेवावी, हजेरी घ्यावी, बैठकीनंतर विद्यार्थ्यांसोबत बसायला एक शिक्षक द्यावा. दहा जोड्यांनी सुरुवात करायला एवढं पुरतं.