प्लांट, पान आणि प्रयोगवहीतलं खोटं

एसटीच्या खिडकीत हेडफोन लावून बसलेल्या, भांडी घासता घासता ऐकणाऱ्या आणि ऐकण्यापेक्षा वाचणं बरं म्हणून इथे आलेल्या सगळ्यांचं स्वागत. हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे "म्हणजे बघा" मी बरेच काढलेत, थोडे राहिलेत. चालवून घ्या.

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरुवात एका कबुलीने करतो.

मी लोट्याचा. मुंबई-गोवा हायवेवर खेड सोडून चिपळूणकडे निघालात की परशुराम घाटाच्या आधी आमचं गाव लागतं. आमच्याकडे 'प्लांट' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर झाड येत नाही, एमआयडीसीतला केमिकल प्लांट येतो. "बाबा प्लांटवर गेलेत" हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो. बाबा ऑपरेटर होते. दर तासाला टेम्परेचर, प्रेशर बघायचं आणि लॉगशीटवर लिहायचं. ते म्हणायचे, "न बघता रीडिंग टाकणारा माणूस स्वतःबरोबर दहा जणांना घेऊन जातो."

आणि त्याच घरात बसून मी शाळेच्या प्रयोगवहीत लिहिलं होतं: 'निरीक्षण: आयोडीन टाकल्यावर पान निळे-काळे झाले.' पान मी पाहिलंच नव्हतं. आयोडीनही नाही. लॅबला कुलूप असायचं आणि वह्या एकमेकांच्या बघून उतरवल्या जायच्या. मला पूर्ण मार्क मिळाले.

गेल्या दिवाळीत माझी भाची, सातवीतली, तिची वही घेऊन बसली होती. तेच वाक्य. मी विचारलं, "पाहिलंस का गं?" ती म्हणाली, "मामा, ते असंच लिहायचं असतं." मला स्वतःचीच लाज वाटली. मग मी शोधायला लागलो, हे वाक्य आपल्या वहीत आलं कुठून?

तर चला मागे. 1779 साली यान इंगेनहौस या डच डॉक्टरने दाखवलं की पाण्यातल्या हिरव्या पानांतून उन्हात बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत. पुढे 1860 च्या दशकात जर्मनीत युलियस झाक्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढचा प्रश्न सोडवला: प्रकाश घेऊन पान बनवतं काय? त्याचं उत्तर होतं स्टार्च. स्टार्चला आयोडीन लागलं की निळा-काळा रंग येतो. पानाचा एक भाग झाकून ठेवला तर तिथे तो येत नाही. आपल्या वहीतलं ते वाक्य म्हणजे झाक्सच्या या कामाची कितवी तरी झेरॉक्स आहे.

पण एका शास्त्रज्ञाने करून बघणं वेगळं आणि प्रत्येक मुलाने करून बघणं वेगळं. हा दुसरा आग्रह लंडनमध्ये थॉमस हक्स्लीने धरला. 1871 च्या उन्हाळ्यात साउथ केन्सिंग्टनला त्याने विज्ञान शिक्षकांसाठी वर्ग घेतला. भाषण ऐकून घरी जायचं नाही. प्रत्येकाने टेबलाशी बसायचं, कापायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं, चित्र काढायचं. आधी शिक्षकाचे हात, मग मुलांचे. 'प्रॅक्टिकल' या शब्दामागे मुळात हा विचार होता. आपल्यापर्यंत येईतो वही आली, कव्हर आलं, सही-शिक्का आला आणि बघणं वाटेत कुठेतरी गळलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुणी काही केलंच नाही का? केलं, आणि तेही लॅब नसताना.

ऑक्टोबर 1937, वर्धा. गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि त्यातून झाकिर हुसेन समिती बसली. कल्पना अशी की मुलाने एखाद्या हातकामातून शिकायचं: शेती, सूतकताई, सुतारकाम. समितीच्या सामान्य विज्ञानात निसर्गनिरीक्षण आणि वनस्पतिशास्त्रही होतं. विचार करा, सूत कातणाऱ्या मुलाच्या हातात जो कापूस आहे, तो मुळात सरकीवरचा केस आहे. ही गोष्ट फळ्यावर लिहिली तर पाठ करावी लागते. कापूस पिंजताना सरकी बोटाला लागली तर पाठ करायला उरतं काय?

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती आपल्या किनारपट्टीची आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1950 च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जायची. यावर आपण काय केलं असतं? हजेरीचं ॲप काढलं असतं. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरतायत आणि बाजूला वर्ग चाललाय. महागडी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, शिंपले, दगड असं आजूबाजूला मिळेल ते वापरायचं. रानातली झाडं त्या मुलांना कुणाही शहरी बाईंपेक्षा जास्त ठाऊक होती. शिक्षिकेने ते ज्ञान मोजायला, मांडायला आणि लिहायला वाट करून दिली.

तिसरा टप्पा 1972 चा. त्याच वर्षी आमच्या शेजारी दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि तिकडे मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 मिडल स्कूलमध्ये 'होशंगाबाद विज्ञान' सुरू झालं. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते उभं केलं, 1982 पासून एकलव्य संस्थेने सांभाळलं. त्यातली झाडांची पद्धत ऐका. मुलांनी गटागटाने बाहेर जायचं, रोपटी उपटून आणायची, तक्ता करायचा: पानाच्या शिरा जाळीदार की समांतर? मूळ सोटमूळ की तंतुमूळ? बी फोडलं तर डाळी दोन की एक? तक्ता भरत गेला की हळूहळू दिसायला लागतं की जाळीवाल्याचं मूळ बहुतेक सोटमूळ निघतं आणि बीही दोन डाळींचं. एकदल-द्विदल हे शब्द नंतर येतात. नियम मुलांच्या डेटामधून निघतो! परीक्षा पुस्तक उघडून आणि त्यात प्रयोगाचीही. 1974 साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं, तेही करून शिकण्याच्याच बाजूचं.

होशंगाबादचा कार्यक्रम 30 वर्षं चालला आणि 2002 मध्ये सरकारने बंद केला. हे मला फार लागतं. चांगली गोष्ट सिद्ध झाली म्हणून टिकतेच असं नाही. प्रत्येक पिढीत कुणीतरी पुन्हा कुलूप उघडावं लागतं.

तर आम्ही आमचं उघडलं. आयोडीन आणि स्पिरिट मेडिकलमधून आणलं. भाचीने कुंडीतली कांद्याची पात निवडली. उन्हात वाढलेली, एकदम हिरवीगार. पाण्यात उकळली म्हणजे पेशी मरून मऊ पडतात. मग गरम पाण्यात स्पिरिटची वाटी ठेवून त्यात बुडवली, म्हणजे हिरवा रंग निघून जातो आणि खरा बदल दिसतो. (गॅस आधी बंद करा. स्पिरिट पेट घेतं. हे मोठ्यांनीच करायचं काम.) आयोडीन टाकलं. काही नाही. नुसतं पिवळट-तपकिरी.

ती म्हणाली, "मामा, वहीत काय लिहू?"

"जे दिसलं ते."

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला बग म्हणतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. बाकी सगळं तेच ठेवून फक्त पान बदललं, दारची जास्वंद घेतली. डाग पडला! मग शोधल्यावर कळलं, कांदा पातीत स्टार्च साठवतच नाही, साखर ठेवतो. चुकला नव्हता प्रयोग, चुकली होती आमची अपेक्षा. वही उतरवणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

शेवटी जास्वंदीची कुंडी दोन दिवस कपाटात ठेवली, एका पानाला काळ्या कागदाची पट्टी लावली, दिवसभर ऊन दिलं. निकाल: पान निळं-काळं आणि मधोमध स्वच्छ, फिकट पट्टी. भाची किती तरी वेळ ते बशीत हलवत बसली होती. बाबा चष्मा लावून आले, बघितलं आणि म्हणाले, "वेळ पण लिही. रीडिंगला वेळ लागते."

तिच्या वहीत आता कांद्याचं पानही आहे, 'रंग बदलला नाही' असं लिहिलेलं. त्याला मार्क मिळतील की नाही, बघू. माझ्या जुन्या वहीपेक्षा ती खरी आहे एवढं नक्की.

या रविवारी घरातल्या एखाद्या पोराला घेऊन करून बघा. रोप कुठलं घेतलंत आणि काय दिसलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. नाही जमलं तर ते तर नक्कीच पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!