नकाशातली व्हिस्की

आमचे मेहुणे स्कॉटलंडहून एक बाटली आणि व्हिस्कीच्या भट्ट्यांचा रंगीत नकाशा घेऊन आले. बाटली साडूंकडे गेली, नकाशा माझ्याकडे. वाटणी सौभाग्यवतींनी केली. अपिलाची सोय नाही.

नकाशा मात्र देखणा. समुद्रात गलबत, डोंगरावर शिंगाळे हरीण, जागोजाग देवळाच्या शिखरासारखी धुराडी. स्पे नदीकाठी तर इतकी दाटी, की चित्रकाराने तेवढा तुकडा मोठा करून कोपऱ्यात वेगळा काढलाय.

गंमत अशी, की दोनशे वर्षांपूर्वी या मंडळींना नकाशावर यायचेच नव्हते! घळीत चोरून भट्टी लावायची, अबकारीवाल्याला गुंगारा द्यायचा. १८२३ च्या कायद्याने दहा पौंडांत परवाना मिळू लागला. ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथने १८२४ साली तो काढला, तर शेजारीच भट्टी जाळायला उठले. बिचारा दोन पिस्तुले बाळगून हिंडे.

पुढे नाव झाले, तेव्हा मैलोन्‌मैल दूरचे भट्टीवालेही स्वतःला 'ग्लेनलिव्हेट' म्हणवू लागले. प्रकरण कोर्टात जाऊन १८८४ साली मिटले: नुसते नाव स्मिथ घराण्याचे, इतरांनी ते शेपटासारखे जोडावे. स्कॉटलंडातली सर्वांत लांब दरी, अशी तिची थट्टा होई. माझ्या नकाशात ती नखाएवढी आहे.

खाली कॅम्पबेलटाउनला मात्र बोट अडखळते. १८८० च्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड भट्ट्या पाहत हिंडला, तेव्हा या एका गावात वीसच्या वर होत्या. नकाशात तीन. आमच्या बँकेत बंद खात्याचे लेजरमध्ये निदान पान तरी राहते. इथे चित्रकाराने शेजारच्या रिकाम्या पाण्यात एक देवमासा सोडून दिलाय.