जसें घर, तशीं फुलें

घरांत फुलें ठेवण्याची हौस कोणत्या देशांत नाहीं? परंतु आधीं खोली पाहावी व मगच फुलांस हात लावावा, ही शिस्त जपानी लोकांनीं विशेष निष्ठेनें पाळली. त्यामुळें इकेबाना या जपानी पुष्परचनेचा इतिहास हा बऱ्याच अंशीं जपानी घराचाच इतिहास झाला आहे.

या कलेचें एक मूळ देवालयांत आहे. क्योतो येथील रोक्काकुदो या षट्कोनी मंदिराचे पुजारी देवापुढें फुलें मांडीत. त्यांच्यापैकीं इकेनोबो सेन्केई यानें १४६२ सालीं केलेली रचना पाहावयास नगरांतील रसिक लोटले, अशी नोंद तत्कालीन एका रोजनिशींत आहे. पुढें सरदारांच्या बैठकींत ‘तोकोनोमा’ रूढ झाला. तोकोनोमा म्हणजे भिंतींतील, जमिनीहून किंचित् उंच असा रुंद कोनाडा. त्यांत चित्र लोंबावयाचें व खालीं फुलें असावयाचीं. तिन्ही बाजूंस भिंती असल्यामुळें तीं समोरूनच पाहावयाचीं. या भारदस्त बैठकीला साजेशी ‘रिक्का’ ही उंच, भव्य रचना. पात्रांत जणू सबंध डोंगरच उभा केलेला!

सोळाव्या शतकांत सेन नो रिक्यू या चहागुरूनें खोलीच लहान केली. यामाझाकी येथील त्याच्या ‘ताइआन’ या चहाच्या खोलींत पाहुण्यांच्या बैठकीस जागा अवघ्या दोन चटयांची. तेथें रिक्का कशी शोभणार? म्हणून बांबूच्या नळकांड्यांत एखादें फूल, रानांत उमलावें तितक्या सहजपणें, ठेवण्याची रीत पडली.

रिक्यूचा धनी हिदेयोशी याची आवड मात्र निराळी. १५८६ सालीं सम्राटाच्या प्रासादांत नेलेली त्याची चहाची खोली सोन्यानें मढविलेली होती. अशी आख्यायिका सांगतात कीं, रिक्यूच्या बागेंतील असागाओचीं फुलें पाहण्यास हिदेयोशी पहाटेस गेला, तों बागेंत एकहि फूल नाहीं! संतापून तो खोलींत शिरला आणि तेथें कोनाड्यांत एकच टवटवीत फूल त्याच्या दृष्टीस पडलें. १५९१ सालीं याच हिदेयोशीच्या आज्ञेनें रिक्यूला आत्महत्या करावी लागली. सोन्याची ती खोली नष्ट झाली. दोन चटयांची खोली मात्र उभी आहे.

१८६८ नंतर जपानांत पाश्चात्त्य धर्तीचीं दालनें, मेजें व परकीय फुलें आलीं. कोनाड्यासाठीं घडलेली कला आतां मेजावर कशी जगणार, हा प्रश्न उभा राहिला. ओहारा उन्शिन यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचें उत्तर दिलें. उथळ, पसरट पात्रांत फुलें आडवीं विस्तारणाऱ्या त्याच्या ‘मोरिबाना’ रचनेंत परदेशी फुलांसहि स्थान मिळालें. १९२७ सालीं ‘सोगेत्सु’ संप्रदाय स्थापणाऱ्या तेशिगाहारा सोफू यानें तर कोनाड्याचें बंधनच झुगारलें.

रीती बदलल्या, पण फूल कोठें उभें राहणार हें विसरून कोणीं रचना केली नाहीं. सुबक दिवाणखान्यांत फुलांची केवळ गर्दी करणाऱ्या गृहिणीनें रिक्यूचें तें एक फूल अवश्य आठवावें. खोलीला किती फुलें पेलतात, हें खोलीच सांगते. ऐकण्याची संवय मात्र असावी लागते.