डेस्कटॉप भौगोलिक माहिती प्रणालीतील दोषनिवारण

डेस्कटॉप भौगोलिक माहिती प्रणालीतील दोषनिवारण म्हणजे क्यूजीआयएस, आर्कजीआयएस प्रो यांसारख्या, वैयक्तिक संगणकावर चालणाऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमधील विदेचे आणि स्वयंचलित आज्ञावलींचे दोष शोधून ते दूर करण्याची प्रक्रिया होय. हे दोष ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात काम थांबते आणि पडद्यावर त्रुटिसंदेश येतो. दुसऱ्या प्रकारात काम विनातक्रार पूर्ण होते, नकाशाही तयार होतो, परंतु तो चुकीचा असतो. दुसरा प्रकार अधिक घातक मानला जातो. नकाशावरून काढलेले क्षेत्रफळ, पूररेषेच्या आत येणारी घरे किंवा आरोग्यकेंद्रापासूनचे अंतर हे आकडे एकदा अहवालात गेले की ते पुन्हा तपासले जाण्याची शक्यता कमी असते.

संदर्भप्रणालीतील दोष

नकाशावरील प्रत्येक बिंदूचे निर्देशांक कोणत्या तरी संदर्भप्रणालीत मोजलेले असतात. डब्ल्यूजीएस ८४ या प्रणालीतील अक्षांश-रेखांशांना ईपीएसजी नोंदवहीत ४३२६ हा क्रमांक आहे. मीटरमध्ये मोजमाप करण्यासाठी भारतात बहुधा यूटीएम प्रक्षेपण वापरतात. त्याचा ४३वा उत्तर पट्टा (क्रमांक ३२६४३) ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांदरम्यान आणि ४४वा उत्तर पट्टा (क्रमांक ३२६४४) ७८ ते ८४ अंशांदरम्यान आहे. गोवा पूर्णपणे ४३व्या पट्ट्यात येतो. महाराष्ट्र मात्र दोन पट्ट्यांत विभागला जातो: मुंबई, पुणे, अकोला व अमरावती ही शहरे ४३व्या पट्ट्यात, तर यवतमाळ, वर्धा, नागपूर व गडचिरोली ४४व्या पट्ट्यात आहेत. त्यामुळे जिल्हावार तयार केलेले थर एकत्र करताना प्रत्येक थराचा पट्टा आधी पाहावा लागतो.

या क्षेत्रातील सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे प्रणाली ‘नेमणे’ आणि प्रणाली ‘बदलणे’ यांतील गल्लत. क्यूजीआयएसमधील ‘असाइन प्रोजेक्शन’ किंवा आर्कजीआयएसमधील ‘डिफाइन प्रोजेक्शन’ ही साधने केवळ विदेवर नावाची चिठ्ठी लावतात. निर्देशांक तसेच राहतात. ‘रिप्रोजेक्ट लेयर’ व ‘प्रोजेक्ट’ ही साधने निर्देशांकांचे प्रत्यक्ष रूपांतर करतात. अंशांमधील विदेवर यूटीएमची चिठ्ठी लावली तर ७३.८६ अंश हे ७३.८६ मीटर समजले जातात आणि संपूर्ण जिल्हा एका मीटरभर जागेत आक्रसून भलतीकडे जाऊन पडतो. ही चूक निदान डोळ्यांना तरी दिसते. थर नकाशावर दिसतच नसेल, तर प्रथम त्याच्या चतुःसीमांचे आकडे वाचावेत. ते १८० च्या आत असतील तर विदा बहुधा अंशांत असते आणि लाखांत असतील तर मीटरमध्ये.

अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल हाही नेहमीचा दोष आहे. पुण्याचे १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व हे निर्देशांक उलटे वाचले गेले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेस, स्वालबार्डच्या वाटेवरील समुद्रात पडतो. निर्देशांकांचे रकाने रिकामे असून ते शून्य धरले गेले, तर बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात जमतात. नकाशाकारांनी या काल्पनिक ठिकाणाला ‘नल आयलंड’ असे गमतीचे नाव दिले आहे.

याउलट, काहीशे मीटरांच्या आतील सरक सहसा नजरेतून सुटते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथील मूळ बिंदूवर आधारलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसाधारण वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस ८४ स्वीकारले. जुन्या नकाशावरून रेखाटलेली विदा योग्य रूपांतराशिवाय उपग्रहचित्रावर ठेवल्यास महाराष्ट्रात ती शंभर मीटरहून अधिक सरकलेली आढळते. राज्याच्या नकाशावर ही सरक जाणवत नाही, पण गावाच्या नकाशावर तेवढ्याने ओढ्याकाठची विहीर पलीकडच्या शेतात जाते.

क्षेत्रफळ मोजताना आणखी एक सापळा असतो. आंतरजालावरील पार्श्वनकाशे वेब मर्केटर (क्रमांक ३८५७) या प्रक्षेपणात असतात. त्याच प्रक्षेपणात समतल क्षेत्रफळ काढल्यास ते मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १२ टक्क्यांनी फुगते. जमिनीशी संबंधित कोणत्याही हिशेबात एवढी चूक अक्षम्य ठरते, आणि सॉफ्टवेअर त्याविषयी इशारा देईलच असे नाही.

शेपफाइल आणि देवनागरी मजकूर

एस्री या कंपनीने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात आणलेले शेपफाइल हे स्वरूप अनेक मर्यादा असूनही आजवर टिकून आहे. एकवचनी नाव असले तरी ती एकच फाइल नसते. भूमितीसाठी .एसएचपी, अनुक्रमणिकेसाठी .एसएचएक्स आणि माहितीच्या तक्त्यासाठी .डीबीएफ अशा किमान तीन फाइली लागतात. संदर्भप्रणालीसाठी .पीआरजे आणि लिपिसंकेतासाठी .सीपीजी या फाइली ऐच्छिक आहेत. ईमेलने फक्त .एसएचपी पाठवणे, ही या स्वरूपाइतकीच जुनी तक्रार आहे.

.डीबीएफचा तक्ता डीबेस या जुन्या विदाव्यवस्थेतून आला आहे. त्यात रकान्याच्या नावाला १० बाइट व मजकुराला २५४ बाइट एवढीच जागा मिळते. यूटीएफ-८ संकेतात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा व हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे असतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. परिणामी ‘लोकसंख्या २००१’ आणि ‘लोकसंख्या २०११’ या दोन्ही शीर्षकांचे ‘लोक’ एवढेच उरते. सॉफ्टवेअर त्यांपुढे क्रमांक जोडून वेगळेपण राखते, पण कोणता स्तंभ कोणत्या वर्षाचा हे नंतर सांगता येत नाही. शेपफाइलसाठी रकान्यांची नावे लघुरूपात ठेवून त्यांचा खुलासा वेगळ्या तक्त्यात देणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे.

.सीपीजी फाइल हरवली तर यूटीएफ-८ मधील गावांची नावे भलत्याच संकेताने वाचली जातात आणि युरोपीय स्वरचिन्हांची रांग दिसते. थराच्या गुणधर्मांत संकेत यूटीएफ-८ निवडल्यास नावे जशीच्या तशी परत येतात. मात्र हे करण्यापूर्वी थर पुन्हा जतन केला असेल तर बिघडलेली नावेच कायम होण्याचा धोका असतो. स्वल्पविरामांकित मजकूर-फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यावरही हाच प्रकार घडू शकतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व टंकांत भरलेल्या जुन्या विदेची गोष्ट वेगळी आहे. तिथे साठवलेली अक्षरे मुळात रोमन असून टंकामुळे ती देवनागरी दिसत असतात, म्हणून संकेत बदलून भागत नाही. अशी विदा परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावी लागते.

शेपफाइलचा सर्वांत फसवा दोष रिक्त मूल्यांचा आहे. आर्कजीआयएसची बहुतेक साधने शेपफाइल लिहिताना रिक्त संख्येच्या जागी शून्य लिहितात. पर्जन्यमापक बंद होता आणि पाऊस पडला नाही या दोन अगदी भिन्न गोष्टी त्यामुळे एकच होतात. या मर्यादांमुळे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियमने २०१४ मध्ये प्रमाणित केलेले, एसक्यूलाइटवर आधारलेले जिओपॅकेज हे एकफाइली स्वरूप अनेकजण पसंत करतात. तेही पूर्ण निर्दोष नाही: सामायिक नेटवर्क-ड्राइव्हवर अनेकांनी ते एकाच वेळी उघडल्यास कुलूपबंदीच्या अडचणी येतात.

तक्त्यांची जोडणी

सीमांचा थर व आकडेवारीचा तक्ता एकत्र करताना नावांवर विसंबणे धोक्याचे असते. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत महाराष्ट्रातील रायगडचे स्पेलिंग छत्तीसगढमधील रायगढसारखेच आहे, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा तेव्हा महाराष्ट्र व बिहार या दोन्ही राज्यांत होता. देशव्यापी तक्ता केवळ जिल्ह्याच्या नावावर जोडल्यास एका जिल्ह्याची लोकसंख्या दुसऱ्याला चिकटते. पुढे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव व अहिल्यानगर या नामांतरांमुळे जुन्या-नव्या तक्त्यांतील नावेही जुळेनाशी झाली.

नावाऐवजी जनगणनेचा संकेतांक वापरणे श्रेयस्कर असले, तरी तोही मजकूर म्हणून जपावा लागतो. जम्मू-काश्मीरचा ०१ हा संकेतांक स्प्रेडशीटमध्ये १ होतो आणि ‘०१’ या मजकुराशी जुळत नाही. संकेतांकांनी न सुटणारा प्रश्न म्हणजे सीमाबदल. जनगणनेच्या वेळी महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा होऊन ते ३६ झाले. २०११ ची आकडेवारी नव्या सीमांवर जोडली की पालघर कोरा राहतो. कोरा जिल्हा लगेच लक्षात येतो, परंतु उरलेल्या ठाण्यावर दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या पडल्याने त्याची घनता अवास्तव वाढते, आणि ठाणे दाटवस्तीचे आहेच म्हणून त्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. अशा वेळी तालुकापातळीवरील आकडे घेऊन नव्या सीमांनुसार बेरीज करणे हाच खरा मार्ग आहे.

मराठीत एक खास अडचण आहे. ‘वऱ्हाड’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकित होतो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, र व नुक्ता यांच्या जोडीने, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. पहिले दोन प्रकार युनिकोड सामान्यीकरणाने एक होतात, तिसऱ्यासाठी अदृश्य चिन्हाची अदलाबदल स्वतंत्रपणे करावी लागते.

भूमितीतील दोष

स्वतःलाच छेदणारा बहुभुज, शेजारच्या गावांमधील बारीक फटी आणि परस्परांवर चढलेल्या सीमा हे रेखाटनातील नेहमीचे दोष होत. अवैध भूमिती आढळताच क्यूजीआयएसची प्रक्रिया-साधने मूळ मांडणीनुसार थांबतात. ही तपासणी बंद करून पुढे जाणे सोपे असले तरी ‘फिक्स जॉमेट्रीज’ने दुरुस्ती करणे योग्य. शून्य अंतराचा बफर काढण्याची जुनी युक्ती जपून वापरावी लागते. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या पिळलेल्या बहुभुजाचा एक भाग तीत गळू शकतो, म्हणून दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे एकूण क्षेत्रफळ ताडून पाहतात.

रास्टर विदेत ‘विदा नाही’ हे दर्शवणारे मूल्य नोंदलेले नसणे हा मुख्य दोष आहे. २००० सालच्या एसआरटीएम मोहिमेच्या मूळ उंचीविदेत रिकाम्या जागांना −३२७६८ हे मूल्य होते. ते सरासरीत मिसळले तर सह्याद्रीची उंचीही समुद्रसपाटीखाली जाऊ शकते.

स्वयंचलनातील दोष

वारंवार करावयाची कामे पायथन भाषेतील स्क्रिप्टने वा साखळी-प्रारूपाने करता येतात. क्यूजीआयएससाठी पायक्यूजीआयएस आणि आर्कजीआयएससाठी आर्कपाय हे संग्रह उपलब्ध आहेत.

अनेक बिघाड आवृत्तीबदलातून उद्भवतात. फेब्रुवारी २०१८ मधील क्यूजीआयएस ३.० ने पायथन ३ स्वीकारल्यावर त्याआधीची प्लगइन बदल केल्याशिवाय चालेनाशी झाली. आर्कमॅप पायथन २.७ वर, तर आर्कजीआयएस प्रो पायथन ३ वर चालते. त्यांतील भागाकाराचा फरक विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणजे ३ भागिले ४ बरोबर ०. साक्षरतेचे गुणोत्तर काढणारी जुनी स्क्रिप्ट त्यामुळे प्रत्येक गावाला शून्य देई, तेही कोणत्याही त्रुटिसंदेशाशिवाय. २०१९ मध्ये आलेल्या प्रोज ६ व जीडाल ३ या पायाभूत संग्रहांनी अक्षक्रम अधिकृत व्याख्येनुसार पाळण्यास सुरुवात केली, आणि ४३२६ या प्रणालीच्या व्याख्येत अक्षांश प्रथम येतो. रेखांश प्रथम गृहीत धरणाऱ्या अनेक स्क्रिप्टांचे बिंदू तेव्हा उलटे पडू लागले. अशा स्क्रिप्टांत अक्षक्रम स्पष्टपणे नमूद करणे हा उपाय आहे.

पहिल्या वेळी चालणारी आणि दुसऱ्या वेळी अडणारी स्क्रिप्ट बहुधा आधीच अस्तित्वात असलेल्या फलितावर अडलेली असते, कारण आर्कपायमध्ये जुने फलित पुसून लिहिण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. तक्ता वाचणारा कर्सर बंद केला नाही, किंवा तोच थर दुसऱ्या खिडकीत उघडा असला, तर फाइलीवरील कुलूप कायम राहते. विंडोजमधील फाइलमार्गाच्या उलट्या तिरप्या रेघेपुढे ‘टी’ किंवा ‘एन’ हे रोमन अक्षर आले की पायथन त्यांचा अर्थ टॅब वा नवी ओळ असा लावते. हाताने चालवल्यावर नीट चालणारी स्क्रिप्ट रात्रीच्या नियोजित वेळी बंद पडते, तेव्हा नेटवर्क-ड्राइव्हचे अक्षर त्या सत्रात उपलब्ध नसणे हे एक नेहमीचे कारण असते.

आर्कजीआयएसमधील ९९९९९९ हा त्रुटिक्रमांक अनपेक्षित बिघाड एवढेच सांगतो, त्यामुळे त्यावरून कारण कळत नाही. तरीही तो दिसणे बरे. प्रत्येक त्रुटी गिळून पुढच्या फाइलकडे जाणारी स्क्रिप्ट शंभरांपैकी नव्वद तालुक्यांचे काम करते आणि शेवटी ‘पूर्ण झाले’ असे सांगते. आत किती फाइली गेल्या, बाहेर किती आल्या आणि कोणत्या वगळल्या यांची नोंदवही लिहिणे म्हणूनच स्क्रिप्टचा आवश्यक भाग मानले जाते.

निदानाची पद्धत

दोष विदेत आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे की स्क्रिप्टमध्ये, हे आधी वेगळे केले जाते. त्यासाठी मूळ विदेची प्रत करून एकच गाव निवडतात, त्याचा थर लहान नावाच्या स्थानिक फोल्डरमध्ये ठेवतात आणि स्क्रिप्टमधील पायऱ्या एकेक करून हाताने चालवतात. हाताने काम होत असेल तर दोष स्क्रिप्टमध्ये किंवा तिच्या परिसरात असतो. एका गावावर चालणारी व पूर्ण तालुक्यावर अडणारी प्रक्रिया असल्यास थर अर्धा-अर्धा करत गेल्यावर दोषी बहुभुज काही फेऱ्यांत सापडतो. १,००० बहुभुजांसाठी अशा सुमारे १० फेऱ्या पुरतात. काम न थांबवणाऱ्या दोषांसाठी मात्र बाहेरचा आकडा लागतो. जनगणनेतील जिल्ह्याची एकूण लोकसंख्या, गावाच्या अभिलेखातील क्षेत्रफळ किंवा जागेवर जीपीएसने घेतलेले दोन-चार बिंदू यांच्याशी फलित ताडून पाहिल्याशिवाय ते दोष उघड होत नाहीत.