झाकलेले ताट

'नाताळ' हा शब्द आपण मालवणी मुलखातील माणसे इतक्या सहजपणे उच्चारतो की तो पोर्तुगीज आहे याचाच विसर पडावा. त्याच वाटेने आलेला दुसरा शब्द मात्र हल्ली क्वचितच कानी पडतो. तो म्हणजे 'कोन्सुआदा'. सणाच्या सुमारास शेजारीपाजारी जाणारे गोडधोडाचे ताट, असा त्याचा गोव्यातील अर्थ. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या नाताळच्या फराळाला 'कुस्वार' म्हणतात.

पोर्तुगालमध्ये मात्र कोन्सुआदा म्हणजे ताट नव्हे. उपवासाच्या दिवशी रात्री घ्यावयाचा अल्पाहार, आणि पुढे २४ डिसेंबरच्या रात्रीचे भोजन, असा तेथील अर्थ. शब्दाचे मूळ लॅटिनमधील सांत्वनवाचक क्रियापदात आहे. दिवसभर उपाशी राहिलेल्या देहाचे सांत्वन! नाताळच्या पूर्वदिनी उपवास पाळण्याचा दंडक ख्रिस्तसभेत शतकानुशतके होता. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी नियम बदलले आणि सक्तीचे उपवास राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार असे दोनच उरले. उपवास गेला, ताट राहिले.

ते आपल्याकडे येण्यास सीमेची अडचण नव्हती. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचाच होता. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर सोयरीक आणि वहिवाट चालूच राहिली. ताटातले जिन्नसही परके नव्हते. नेवरी म्हणजे आपली करंजीच. दोदोलला लागतात ते तांदूळ, नारळ आणि गूळ, म्हणजे परसातलेच धन. तो तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास ढवळावा लागतो, आणि एका बाईचे हात त्याला पुरत नाहीत. (दोदोल एकटीने केला असे सांगणाऱ्या गृहिणीवर आम्ही विश्वास ठेवीत नाही.) तेव्हा ताट शेजारी जाण्यापूर्वी शेजार चुलीपाशी आलेला असे.

पण सांत्वन हा मूळ अर्थ खरा उतरतो तो दुसऱ्याच एका रिवाजात. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला, तेथे नाताळचे गोड होत नाही. त्या घरचे ताट कोणाकडे जात नाही. इतरांची ताटे मात्र तेथे येतात. हिंदू शेजाऱ्यांतही हीच रीत आहे. दुखवट्याच्या घरी दिवाळीची कढई चढत नाही, आप्तेष्टच फराळ पोहोचवतात. म्हणून त्यांना आमचे आणि आम्हांला त्यांचे ताट कधी समजावून सांगावे लागले नाही. गरिबाच्या घरीही ताट असेच जाई. सर्वांकडेच जात असल्यामुळे त्याला कोणी दान म्हणत नसे, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नसे.

आज बेकरीतील तयार खोकी येतात. त्यांना आमची हरकत नाही. नोकरी करणाऱ्या सुनांनी दोदोल ढवळत बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु खोक्यांची यादी होते, आणि यादीत बहुधा त्यांचीच नावे येतात ज्यांच्याकडून गेल्या वर्षी काही आले होते. दुखवट्याच्या घराकडून काहीच आलेले नसते. ते नाव यादीतून गळते, आणि गळले हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आमच्या बालपणी ताटावर विणलेला रुमाल घालून आई आम्हांस धाडीत असे. इतर घरी हाका मारीत, उड्या मारीत जाण्यास मुभा होती. एका घराच्या बाबतीत मात्र सूचना वेगळी असे : मागील दाराने जा, ताट चुलीपाशी ठेव, आणि रुमालासाठी थांबू नकोस.