फाइलच्या नावातच पंचनामा

साधारण २००० ते २०१० या काळात ज्यांनी सायबर कॅफेतून सिनेमे उतरवले किंवा मित्राकडून सीडीवर मारून आणले, त्यांना ती विचित्र नावं आठवत असतील. सिनेमाचं नाव, टिंब, वर्ष, टिंब, मग 'डीव्हीडीरिप', 'एक्सव्हिड' आणि शेवटी आडवी रेघ देऊन टोळीचं नाव. वाचायला गिचमिड, पण मंडळी, तो चोरीचा अख्खा पंचनामा असायचा!

'कॅम' म्हणजे थिएटरात बसून कॅमेऱ्याने टिपलेला. 'टीएस' म्हणजे चित्र पडद्यावरून, पण आवाज थेट यंत्रातून घेतलेला. 'टीसी' म्हणजे खुद्द रिळावरून उतरवलेला. 'एससीआर' म्हणजे स्क्रीनर, परीक्षक आणि समीक्षकांना पाठवलेली प्रत. आधीच्या टोळीचा माल सदोष असेल तर नव्या प्रतीवर 'प्रॉपर' असा शेरा.

या टोळ्यांचे लेखी नियम होते. फाइल ७०० एमबीच्या सीडीत मावलीच पाहिजे. नियम मोडला की प्रत बाद, म्हणजे 'न्यूक'. कॅमला डीव्हीडी म्हणून खपवलं तर टोळीची अब्रू जायची. पैशापेक्षा 'आम्ही पहिले' या नावासाठीच धावपळ जास्त, म्हणून लेबल खरं ठेवावं लागायचं.

आता खरा मुद्दा. रिळ, स्क्रीनर या वस्तू तुमच्या-माझ्या हाताला लागतात का? २००३ मध्ये अमेरिकेत एटी अँड टी लॅब्जच्या संशोधकांनी नेटवर सापडलेल्या २८५ सिनेमांच्या प्रती तपासल्या. त्यातल्या ७७ टक्के आतल्याच माणसांकडून फुटल्यासारख्या दिसल्या. पुढच्याच वर्षी ऑस्कर अकादमीने अभिनेते कार्माइन कॅरिडी यांना काढून टाकलं, कारण त्यांना मिळालेले स्क्रीनर बाहेर गेले होते.

आपल्याकडे वेगळं नाही. जून २०१६ मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाआधीच फुटला, तेव्हा त्या प्रतीवर 'सेन्सॉरसाठी' असा शिक्का दिसत होता.

२०२३ च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायदा कडक झाला. तीन महिने ते तीन वर्षं कैद, किमान तीन लाख दंड. चांगलंच आहे. पण फक्त बाल्कनीतला मोबाईलवाला पोरगा धरून भागणार नाही. प्रत कोणाच्या टेबलावरून निघाली, हेही विचारायला हवं. चोर तर ते फाइलच्या नावातच लिहून ठेवत होते.